पाकीट फोडणं वेगळं, डाव खेळणं वेगळं



गेले दोन-तीन महिने पाठशाळेच्या दारात मुलांना घ्यायला थांबलेल्या आयांमध्ये एकच विषय आहे: ती पोकेमॉनची कार्डं. कुणाच्या मुलानं वाढदिवसाचे सगळे पैसे त्यात घातले, कुणाची मुलगी शाळेत अदलाबदल करून रडत घरी आली, आणि कुणाच्या सासऱ्यांनी 'हा जुगार आहे, घरात नको' असं एका वाक्यात सांगून विषय संपवला. आमच्या घरी ही कार्डं दीड वर्षापासून आहेत. मी स्वतः तो खेळ शिकले आहे आणि बऱ्यापैकी खेळतेही. म्हणून तुमच्यातल्या तिघी-चौघींनी 'एकदा नीट लिही' असा लकडा लावला.

तर आधी मुद्द्याचं. या कार्डांचे दोन वेगळे उद्योग आहेत. एक, बंद पाकिटं विकत घेऊन फोडायची आणि कार्डं जमवायची. दुसरा, त्या कार्डांनी समोरासमोर बसून डाव खेळायचा. आपली बहुतेक मुलं फक्त पहिला करतात. विचारून बघा, 'खेळतात कसं रे हे?' उत्तर येईल, 'ज्याचा एचपी मोठा तो जिंकतो.' म्हणजे आपण लहानपणी क्रिकेटची नाहीतर कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं खेळायचो तेवढंच. खरा खेळ त्यांना कुणी शिकवलेलाच नसतो. नियम इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि दुकानदाराला पाकीट खपल्याशी मतलब. मग ज्या कार्डाशी खेळता येत नाही त्याचं करायचं काय? जमवायचं. आणि जमवायला लागलं की पुरे कधी म्हणायचं, हे कुणीच सांगत नाही. माझा अनुभव असा, की मुलाचं पाकिटाचं वेड कमी करायचं असेल तर कार्डं माळ्यावर टाकून ते होत नाही. खेळायला शिकवलं की होतं.

जुगाराचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे सप्तव्यसनांत पहिलं नाव द्यूताचंच आहे. आणि या जातीच्या खेळांची सुरुवात बघितली तर सासऱ्यांच्या शंकेला आधारही आहे. असा पहिला खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग', 1993 चा, रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानं तयार केलेला. त्याच्या सुरुवातीच्या नियमांत प्रत्येकानं आपलं एक कार्ड पणाला लावायचं आणि जिंकणाऱ्यानं दोन्ही ठेवून घ्यायची, असा भाग होता. पुढे तो काढून टाकला. पोकेमॉनचा कार्डांचा खेळ जपानमध्ये 1996 च्या ऑक्टोबरमध्ये आला, त्याच्या नियमांत असलं काही नाही. 'प्राइझ कार्ड' हा शब्द ऐकून मात्र घरातली मोठी माणसं दचकतात. ती बक्षिसाची कार्डं आपलीच असतात. आपल्याच गठ्ठ्यातली सहा कार्डं आपण बाजूला पालथी ठेवायची आणि डाव पुढे सरकेल तशी परत हातात घ्यायची. डाव संपला की ज्याची त्याची कार्डं ज्याच्या त्याच्या डब्यात. शाळेच्या बसमध्ये मुलं 'जिंकेल त्यानं कार्ड घ्यायचं' असं ठरवून खेळतात, तो मात्र सरळ जुगार. आमच्या घरात त्याला मनाई आहे, आणि तिथं चर्चा नाही.

पाकिटाचं काय? त्यात साधारण दहा कार्डं असतात, कोणती ते बाहेरून कळत नाही, आणि भारीतलं निघेल या आशेवर पैसे मोजायचे. हे द्यूत आहे की नाही यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मी एवढंच म्हणते, पाकीट फाडताना मुलाचा चेहरा बघा, आणि हवं ते नाही निघालं की पुढच्या मिनिटाला तो काय मागतो ते ऐका. मग तुमचं तुम्हीच ठरवा. सासऱ्यांचं बोट बरोबर जागी आहे, फक्त ते खेळाकडे नाही, पाकिटाकडे दाखवायला हवं.

आता खेळ. एक बैठक मारून वाचलंत तर संध्याकाळी मुलासमोर बसता येईल.

दोघांपाशी प्रत्येकी 60 कार्डांचा गठ्ठा, त्याला डेक म्हणतात. बरोबर 60. एकही कमी नाही, जास्त नाही. त्यात तीन जातींची कार्डं: पोकेमॉन, एनर्जी आणि ट्रेनर. मी मुलांना सांगते, पोकेमॉन म्हणजे घरातली माणसं, एनर्जी म्हणजे शिधा, आणि ट्रेनर म्हणजे अडीअडचणीला धावून येणारे शेजारीपाजारी. डेक पिसून सात कार्डं हातात घ्यायची. त्यातला एक 'बेसिक' पोकेमॉन पुढे मांडायचा, म्हणजे तो खेळणारा. त्याच्या मागे बाक, बाकावर जास्तीत जास्त पाच जण. मग वरची सहा कार्डं बक्षिसाची म्हणून बाजूला पालथी. हातात एकही बेसिक आला नसेल तर हात दाखवायचा, सगळं पिसून पुन्हा सात घ्यायची, आणि समोरच्याला त्याबद्दल एक जादा कार्ड घेता येतं.

आपली पाळी आली की आधी गठ्ठ्यातून एक कार्ड उचलायचं. मग हवं त्या क्रमानं: बाकावर नवे बेसिक बसवा, आधीच्या पाळीपासून टेबलावर असलेल्याची पुढची पायरी त्याच्यावर ठेवा, ट्रेनर वापरा, पुढचा दमला असेल तर किंमत भरून त्याला एकदा मागे घ्या. ट्रेनरमधली 'आयटम' कार्डं कितीही चालतात, 'सपोर्टर' मात्र एका पाळीत एकच. आणि एनर्जीसुद्धा एका पाळीत एकच लावायची. हातात सहा असल्या तरी एकच! नवख्या मुलाला हा नियम सगळ्यात जाचतो, आणि मला विचाराल तर सगळा खेळ या एका नियमावर उभा आहे. दोन पाळ्यांनी काय लागेल ते आज ठरवावं लागतं. शेवटी हल्ला. हल्ला केला की पाळी संपली. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या पाळीत हल्लाही नाही आणि सपोर्टरही नाही.

समोरच्याचा पोकेमॉन बाद झाला की आपण आपल्या बक्षिसातलं एक कार्ड उचलायचं. नावापुढे 'ईएक्स' असलेला बाद झाला तर सहसा दोन. सहाही उचलली की जिंकलो. समोरच्याच्या टेबलावर एकही पोकेमॉन उरला नाही तरी जिंकलो. तिसरा प्रकार लक्षात ठेवा: पाळीच्या सुरुवातीला गठ्ठ्यातून उचलायला कार्डच नसेल तर तो हरला. म्हणजे भसाभस कार्डं ओढण्यालाही मर्यादा आहे.

किती नुकसान झालं ते मोजायला खोक्यात छोटे ठोकळे येतात, ते हरवतातच. शर्टांची जुनी बटणं घ्या, लहान बटण दहाचं, मोठं पन्नासचं. आमच्या शेजारणीनं मूग काढून दिले होते. सचित्त धान्य खेळायला घेऊ नये म्हणून सासूबाईंनी ते परत डब्यात टाकले. ते बरोबरच आहे, आणि बटणं घरंगळतही नाहीत.

पहिले तीन डाव दोघांनी कार्डं उघडी मांडून खेळा. हरणं-जिंकणं नाही, नुसतं बोलत बोलत: 'आता मी हे लावलं तर तू काय करशील?' मुलं या वेळात जे शिकतात ते नियमांचं पुस्तक पाठ करून येत नाही.

सुरुवातीला विकत काय घ्यायचं? दोन तयार डेक. एक नाही, दोन, कारण एकट्यानं खेळता येत नाही. 60 कार्डांचे तयार डेक मिळतात, आणि 'बॅटल अकॅडमी' म्हणून एक खोकं येतं त्यात तीन तयार डेक, मांडायचा पट आणि पायरीपायरीनं शिकवणारी पुस्तिका असते. घरात दोन भावंडं असतील तर ते उत्तम. त्यानंतर किमान दोन महिने काहीही नाही. डेकमध्ये एखादं कार्ड बदलावंसं वाटलं तर ते सुटं मिळतं. जे हवं तेच, ठरलेल्या किमतीला, जसं आपण वाण्याकडून हिंग आणतो. भाग्याची परीक्षा नाही.

मोबाइलवर 'टीसीजी लाइव्ह' म्हणून फुकट ॲप आहे, त्यात नियम छान शिकवलेत. ते आईनं वापरावं, मुलानं नको. मी रात्री स्वयंपाकघर आवरून दहा-दहा मिनिटं खेळत त्यावरच शिकले. 'पॉकेट' नावाचं दुसरं ॲप निराळं आहे. त्यात डेक 20 कार्डांचाच, आणि रोज दोन पाकिटं फुकट उघडायला देतात. म्हणजे ज्या सवयीपासून मुलाला दूर ठेवायचं, तिचीच रोजची उजळणी. ते मी घरात येऊ दिलेलं नाही.

तयार डेक खेळून हात बसला की मूल म्हणतं, 'आता मी माझा डेक बनवणार.' इथं सगळी मुलं एकच करतात: आपली सगळी भारी कार्डं कोंबतात. चारिझार्ड तीन आणि चारमँडर एकही नाही. अहो, चारमँडरवर चारमेलियन आणि चारमेलियनवर चारिझार्ड, अशा पायऱ्या आहेत. खालची पायरी नसेल तर वरचा राजा हातातच बसून राहतो. ('रेअर कँडी' नावाचं कार्ड मधली पायरी गाळू देतं. यावर माझ्या मुलानं पाठशाळेत विचारलं होतं, गुणस्थानांत पण असं असतं का? ताई म्हणाल्या, पहिल्यावरून थेट चौथ्यावर जाता येतं की! तेव्हापासून त्या कार्डाला आमच्याकडे मान आहे.)

एका नावाची चारपेक्षा जास्त कार्डं डेकमध्ये चालत नाहीत, फक्त साध्या एनर्जीला ही मर्यादा नाही. पहिल्या डेकला मी असा अंदाज धरते: पंधरा ते वीस पोकेमॉन, दहा ते पंधरा एनर्जी, उरलेले सगळे ट्रेनर. मुलांना ट्रेनर कंटाळवाणे वाटतात, पण डाव तेच चालवतात. बेसिक किती ठेवायचे याचं गणित मी वहीवर करून बघितलं. 60 त 8 बेसिक असतील तर पहिल्या सात कार्डांत एकही न येण्याची वेळ 100 डावांत साधारण 35 वेळा येते. 12 ठेवले तर 19 वेळा, 16 ठेवले तर 10 वेळा. नववीतल्या भाच्याला हे दाखवल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं म्हणे की संभाव्यता कशाशी खातात.

आणखी एक. ज्या कार्डाची डेकमध्ये एकच प्रत आहे ते दहा डावांत एकदा त्या सहा पालथ्या बक्षिसांत अडकतं. आपलंच आहे, टेबलावरच आहे, आणि हाताला लागत नाही. आमच्याकडे त्याला 'अंतराय' म्हणतात. मुलगा कपाळावर हात मारून 'लाभांतराय!' असं ओरडतो, तेव्हा आठ कर्मांचा पाठ इतका पक्का कसा झाला याचं पाठशाळेच्या ताईंना कौतुक वाटतं. मी कारण सांगितलेलं नाही.

पण मला या खेळाजवळ खरं ओढलं ते एका ट्रेनर कार्डानं. 'प्रोफेसर्स रिसर्च'. त्यावर लिहिलंय, हातातली सगळी कार्डं टाकून द्या आणि नवी सात घ्या. सगळी. त्यात तुमचं लाडकं कार्ड असेल तर तेही. माझा मुलगा महिनाभर हे कार्ड वापरायलाच तयार नव्हता. हातात दोन पाळ्या निरुपयोगी ठरलेली कार्डं धरून बसायचा, कारण त्यात एक चमकणारा ईएक्स असायचा, 'पुढे लागेल' म्हणून. लागायचा नाही. हरायचा. मी काही बोलायचे नाही, फक्त माझ्या पाळीत ते कार्ड वापरून माझा हात त्याच्या डोळ्यांदेखत मोकळा करायचे. एका संध्याकाळी तो माझ्याशी पाच बक्षिसांनी मागे होता. बराच वेळ हातातल्या चार कार्डांकडे बघत बसला. मग डोळे मिटून सगळी टाकली, ईएक्ससकट. नव्या सातांत काय आलं ते महत्त्वाचं नाही. तो डावही तो हरलाच. पण टाकलेल्या ढिगाकडे बघून म्हणाला, 'आई, ते टाकलं तरी मला काही झालं नाही.'

दशलक्षणात नवव्या दिवशी आपण आकिंचन्यावरचं प्रवचन ऐकतो. नऊ वर्षांच्या मुलाला ते कुठून समजावं, असा मला दरवर्षी प्रश्न पडायचा.

आता सासूबाईंचा आक्षेप, कारण तो सगळ्यात खोल होता. त्यांनी पैशाबद्दल काही म्हटलं नाही. एक दिवस डाव बघत बसल्या होत्या, आणि मुलगा ओरडला, 'मारला!' त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'यशोधर राजानं खरा कोंबडा नव्हता कापला. पिठाचा होता. तरी किती जन्म भोगावं लागलं? हे कागदाचे प्राणी झुंजवतो हा, त्याचं काय?'

मैत्रिणींनो, याला पटकन उत्तर नाही. 'खेळच तर आहे' हे उत्तर तर मुळीच नाही, कारण यशोधराच्या गोष्टीचा सगळा जोर यावरच आहे की समोर काय होतं यापेक्षा मनात काय होतं हे मोठं. पिठाच्या कोंबड्यात जीव नव्हता, पण मारण्याचा संकल्प होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, की या खेळात कुणी मरत नाही. इंग्रजीत त्याला 'नॉक्ड आउट' म्हणतात, म्हणजे मूर्च्छा येते. मुलाच्या मनात मारण्याचा भाव येतो की नाही ते आपण दोघी बघत राहू, आणि येत असेल तर खेळ बंद. 'मारला' हा शब्द मात्र त्याच दिवशी घरातून गेला. आता 'दमला' म्हणायचं, नाहीतर 'मूर्च्छित'.

मी खरंच बघत राहिले. चिडचिड, हाव, दुसऱ्याच्या कार्डावर डोळा, रात्री झोपेत बडबड, हे सगळं पाकीट आणलेल्या दिवशी दिसायचं. डावाच्या दिवशी हरल्यावर थोडं रुसणं, मग 'अजून एक'. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या करताना मूर्च्छा हाच शब्द वापरलाय, वस्तूवरची आसक्ती या अर्थानं. मी सासूबाईंना गमतीनं म्हटलं, कार्डातल्या प्राण्याच्या मूर्च्छेची काळजी नको, पाकीट फोडणाऱ्याच्या मूर्च्छेची करा. त्या हसल्या, पण पूर्ण पटलेलं नाही त्यांना, आणि त्यांनी ते पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नाही. अष्टमी-चतुर्दशीला डाव होत नाही, ती त्यांची अट, आणि ती आम्ही पाळतो. 'सुपर रॉड' नावाचं कार्डही त्यांना आवडत नाही, चित्रात मासे धरायचा गळ आहे म्हणून. टाकलेले पोकेमॉन परत डेकमध्ये आणायला ते कार्ड लागतं. त्याऐवजी आम्ही 'नाइट स्ट्रेचर' ठेवलंय, तेही टाकलेला पोकेमॉन परत देतं. त्यात निदान रुग्णाला उचलून आणल्यासारखं तरी वाटतं.

नकली कार्डांबद्दल मात्र सावध राहा. खेळण्यांच्या दुकानात आणि जत्रेत डबाभर सोनेरी कार्डं मिळतात, ती बहुतेक नकली असतात. ओळखायची कशी? मागच्या बाजूचा निळा रंग फिका किंवा जांभळट असतो, अक्षरं जाड-बारीक, शब्दांत चुका, एचपीचे आकडे काहीच्या काही. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये काळपट थर असतो, त्यामुळे मागून टॉर्च लावला तर उजेड फारसा आरपार येत नाही. नकलीतून भसकन येतो. खालच्या कोपऱ्यात नंबर आणि खूण असते. जुन्या-नव्या बहुतेक संचांत गोल म्हणजे साधं, चौकट म्हणजे थोडं कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मिळ.

आमच्याकडे असा सोनेरी डबा एका नातेवाइकांकडून भेट आला होता. प्रेमानं दिलेला, त्यांचा काही दोष नाही. पण मग शेजारच्या इमारतीतला एक पहिलीतला मुलगा त्यातल्या एका कार्डासाठी हटून बसला, आणि बदल्यात देणार होता काय, तर खरा पिकाचू ईएक्स. आमच्याकडे नियम असा की अदलाबदल करायच्या आधी घरी दाखवायचं. मुलगा दोन्ही कार्डं घेऊन वर आला. त्याला माहीत होतं आपलं नकली आहे. म्हणाला, 'तोच मागतोय. मी काही खोटं बोललो नाही. मी फक्त गप्प बसलो.'

अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितलेत त्यांत एक आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं नकली खऱ्याच्या भावानं देणं. आपल्यात व्यापारी घरं पुष्कळ, तुपात भेसळ करू नये म्हणून हे आपण ऐकत आलो. कार्डालाही ते तंतोतंत लागू आहे. मी त्याला ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, जा, तुझं तू ठरव. दहा मिनिटं दारातच उभा होता. मग टॉर्च घेऊन खाली गेला आणि त्या पोराला दोन्ही कार्डांतून उजेड पाडून दाखवला. ते पोर रडायला लागलं, कारण त्याच्या घरी असलाच एक आख्खा डबा होता. मग बाकीच्या मुलांनी टॉर्च मागितला. सोसायटीतल्या निम्म्या मुलांची कार्डं नकली निघाली, आणि महिनाभर माझ्या मुलाशी कुणी धड बोललं नाही. खरं सांगितलं की सगळे शाबासकी देतात असं मी त्याला कधी सांगितलेलं नाही, त्यामुळे तोही फार बोलला नाही. रोज माझ्याशी खेळायचा. सोनेरी कार्डं आता पाठ्यपुस्तकांत खुणेला आहेत.

जमवण्याला आमच्याकडे माप आहे. नऊ कप्प्यांची वीस पानं असलेलं एक फोल्डर, दोन्ही बाजू धरून 360 कार्डं. तेवढंच. नवं आलं तर एक बाहेर जाणार, कोणतं ते मुलानं ठरवायचं. हे परिग्रह परिमाण आपण मोठी माणसं साड्यांना, भांड्यांना लावायचं म्हणतो आणि पुढे ढकलतो. मुलं पटकन पाळतात, कारण खेळालाच मापाची सवय आहे. 60 चा डेक, चार प्रती, पाच जणांचा बाक. पाकिटं वर्षातून दोनदा, वाढदिवसाला आणि दिवाळीला. दशलक्षणाच्या दहा दिवसांत फोल्डर कपाटात वर जातं. त्याला पहिल्या वर्षी फार जड गेलं. दुसऱ्या वर्षी त्यानं स्वतःच स्टूल आणलं.

वेळेचा प्रश्न कुणीतरी विचारला होता. आपल्याला उलट सोय आहे. सूर्यास्ताआधी जेवणं झाली की झोपेपर्यंत दोन-तीन तास हातात असतात, आणि तेच तास टीव्ही खातो. एक डाव नवख्यांना पाऊण तास लागतो, पुढे अर्ध्या तासात होतो.

फोल्डरमधून बाहेर पडलेल्या कार्डांचे आम्ही चार मायलेकांच्या जोड्यांनी मिळून चार डेक बांधलेत. ते सगळ्या मुलांसाठी आहेत. नाव लिहून आठवडाभर घरी न्यायचे, 60 मोजून परत आणायचे. ताईंची अट आहे की बस्तीच्या आवारात कार्डं काढायची नाहीत, म्हणून रविवारी पाठशाळा सुटल्यावर साडेदहाला आमच्या हॉलमध्ये बसू. ज्यांना शिकायचंय त्या आयांनी स्वतः यायचं, नुसतं मुलाला पाठवायचं नाही. घरून जुनी बटणं तेवढी आणा, साधारण तीस लागतात.